फरशीतील पान

आमच्या चर्चच्या ओसरीची जुनी फरशी उखडून नवी बसविण्याचे काम गेल्या वर्षी मे महिन्यात निघाले. पाऊस तोंडावर आलेला, गवंडी मिळता मिळत नव्हते, आणि जे मिळाले ते दुसऱ्याचे काम अर्धे टाकून आलेले. त्यामुळे त्या आठवड्यात आमचे निम्मे चित्त ओसरीतच गुंतले होते, हे कबूल केले पाहिजे. टेम्पोतून शहाबादी फरशी उतरत असताना एक मोठी लादी मजुराच्या हातून निसटली. ती फुटली खरी, पण तिचे तुकडे न होता पुस्तक उघडावे तशी ती आडवी उकलली. आणि उघडलेल्या दोन्ही अंगांवर सारखेच चित्र दिसले. फिकट राखी दगडावर काळ्या रंगाचे, वीतभर लांबीचे, बारीक फांद्यांचे एक नाजूक झुडूप! पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटात ओल्या कड्यांवर जे नेचे उगवतात, त्यांतलेच एखादे पान कोणी वहीत दाबून ठेवावे, तसे.

त्या मजुराचा मुलगा आमच्या वेदीसेवकांपैकी एक आहे. वय वर्षे बारा. बापाची भाकरी घेऊन तो आला होता. तो धावतच आमच्या खोलीत शिरला.

“फादर, बघा की! दगडात झाड हाय!”

आम्ही बाहेर जाऊन पाहिले, आणि पाहताक्षणीच निकाल दिला. सेमिनरीत असताना निसर्गशास्त्राची दोन-चार पुस्तके आम्ही चाळली होती. प्राचीन काळचे प्राणी व वनस्पती गाळात पुरल्या जाऊन त्यांचे अवशेष वा ठसे दगडात उरतात, त्यांना जीवाश्म म्हणतात, एवढे आम्हांला ठाऊक होते. आणि एवढेच ठाऊक असणे किती अपुरे असते, हे मात्र ठाऊक नव्हते. “बाळ, हा जीवाश्म आहे,” आम्ही म्हणालो. “कोट्यवधी वर्षांपूर्वीचे पान. देवाने जपून ठेवले, ते आज तुझ्या दृष्टीस पडले.” फुटलेली लादी कामाची उरली नव्हती, ती आम्ही मुलाला देऊन टाकली.

येथवर जे घडले त्यात फारसे बिघडले नव्हते. बिघडले ते पुढच्या रविवारी. मिस्सा संपल्यावर आम्ही ती लादी चर्चच्या दाराशी मेजावर मांडविली, मुलाला शेजारी उभे केले, आणि जमलेल्या मंडळींपुढे दहा मिनिटे बोललो. बोललो ते मोठ्या उत्साहाने. माणसे रांगेने येऊन पाहत होती. एक वृद्ध बाई तर झावळ्यांच्या रविवारची आठवण काढून त्या पानाला हात लावून गेली. मुलाची छाती फुगलेली होती, आणि खरे सांगावयाचे तर आमचीही.

मागितलेली चिठ्ठी

गुरुवारी संध्याकाळी मुलाचा बाप आला. दाराशी बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “फादर, शहरातला एक माणूस आलता. घरं सजवायच्या वस्तू विकतो म्हणे. पंधरा हजार देतो म्हणतोय दगडाला.”

“मग?”

“तुमची चिठ्ठी तेवढी पाहिजे त्याला. हे पान खरं हाय म्हणून. शिक्का मारून.”

त्या माणसाच्या घराचे पत्रे सडले आहेत हे आम्हांला माहीत होते. पाऊस पंधरा दिवसांवर होता. पंधरा हजार म्हणजे त्याच्या पुष्कळ दिवसांची मजुरी. दोन ओळी लिहावयाच्या आणि धर्मग्रामाचा शिक्का उमटवावयाचा, एवढेच काम. आम्ही कागद पुढे ओढलाही.

परंतु शिक्का काढण्यासाठी कपाट उघडले, तो बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या समोर आल्या. आणि हात थांबला. वाचकहो, ह्या वह्यांतून दाखला देताना आम्ही कधी चेहरा पाहून देत नाही. “हा अमक्याचाच मुलगा दिसतो, नाक अगदी त्याच्यासारखे आहे,” असे म्हणून कोणी दाखला लिहिला, तर त्या दाखल्याला काय किंमत? आम्ही नोंद पाहतो, धर्मपिता-धर्ममातेची नावे पाहतो, तारीख पाहतो. आणि ह्या दगडाच्या बाबतीत आम्ही काय पाहिले होते? केवळ नाक सारखे आहे, एवढेच!

“दोन दिवस थांब,” आम्ही त्याला म्हटले. तो काही बोलला नाही. पण थांबावयास सांगितलेल्या गरिबाच्या चेहऱ्यावर जे दिसते, ते दिसले.

चार प्रश्न

शहरातील एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकविणारे एक प्राध्यापक आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना मोबाईलवर छायाचित्रे पाठविली. वाटले होते, ते लगेच अभिनंदन करतील. त्यांनी उलट चार प्रश्न विचारले. ते आम्ही येथे मुद्दाम विस्ताराने देतो, कारण शेतात, विहिरीत, खाणीत असा चमत्कारिक दगड आमच्या वाचकांपैकी कोणालाही सापडू शकतो.

पहिला प्रश्न: दगड कोणता आणि कोठला? आम्ही सांगितले, शहाबादी. त्यावर ते म्हणाले, “मग अर्धे उत्तर मिळालेच.” शहाबादी फरशी म्हणजे गुलबर्ग्याकडच्या भीमा खोऱ्यातील चुनखडक. कोण्या काळी तेथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा गाळ थरावर थर साचत गेला आणि दगड झाला. म्हणून तर तो लादीसारखा सहज उकलतो. हा खडक साठ कोटी वर्षांहूनही जुना मानला जातो. पृथ्वीवर नेच्यांसारख्या वनस्पती अवतरल्या त्या सुमारे चाळीस कोटी वर्षांच्या अलीकडे. ज्या काळी जमिनीवर एकही पान उगवत नव्हते, त्या काळच्या गाळात पान पुरले जाईल कसे? आजोबांच्या लग्नाच्या छायाचित्रात नातू उभा दिसावा, तशी ही गोष्ट झाली.

दुसरा प्रश्न: पानाला मधली शीर आहे काय? खऱ्या नेच्याच्या पानाला मधोमध एक कणा असतो. त्याच्या दोहों बाजूंस पर्णिका ठरावीक अंतराने, ठरावीक आकाराने लागलेल्या असतात. आणि भिंगातून पाहिले तर जपलेल्या ठशात बारीक शिरांची जाळीही पुष्कळदा दिसते. आम्ही भिंग लावून पाहिले. कणा नव्हता. फांदीला फांदी फुटली होती, पण कोठे दाट, कोठे विरळ, कोठे लांब, कोठे आखूड. शीर म्हणून एकही नव्हती.

तिसरा प्रश्न: फांद्या निघतात कोठून? आम्ही पाहिले, तर सगळ्या फांद्यांचा उगम लादीच्या कडेला असलेल्या एका बारीक चिरेत होता. जणू त्या चिरेतून काहीतरी आत शिरले आणि पसरत गेले.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: चित्र दगडाच्या आत आहे की केवळ फटीच्या तोंडावर? सुईच्या टोकाने कडेला अगदी हळू खरवडले. खाली स्वच्छ राखी दगड लागला. चित्राला ना जाडी, ना खोली, ना उठाव. काळ्या शाईचा पातळ थर फक्त.

“आता शेवटची परीक्षा,” प्राध्यापक म्हणाले. “तुमच्या सिस्टरांच्या दवाखान्यात जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साईड असेल. त्याचा एक थेंब काळ्या रेषेवर टाका, आणि एक थेंब कोऱ्या दगडावर.” दोन्ही थेंब टाकले. कोऱ्या दगडावरचा थेंब तसाच राहिला. काळ्या रेषेवरच्या थेंबातून बारीक बुडबुडे उठू लागले. मँगनीज ह्या धातूच्या काळ्या संयुगाचा हा गुण आहे. त्याच्या स्पर्शाने पेरॉक्साईडमधील प्राणवायू मोकळा होतो. पानाचा करपून राहिलेला कोळशासारखा थर असता, तर असे सहसा झाले नसते.

निर्णय झाला. हे पान नव्हे. ह्याला डेंड्राईट म्हणतात. झाड ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले आहे. गोव्याच्या खाणींतून लोखंडाबरोबर जे मँगनीज पूर्वी काढले जाई, त्याचाच अंश पाण्यात विरघळून दगडाच्या फटीत झिरपतो. पाणी निघून जाते, काळा साका मागे राहतो, आणि तो पसरतो तो झाडासारखा फांद्या फोडीत. असा आकार का यावा, हे पाहावयाचे असेल तर काचेच्या दोन तुकड्यांमध्ये थोडा घट्ट ओला रंग दाबावा आणि काचा अलगद वेगळ्या कराव्यात. हवा कडेकडून आत घुसते आणि रंगाचे सुंदर झुडूप तयार होते. दोहोंमागील कारण अगदी एक नव्हे. पण जिवंत झाडाशिवायही झाडाचा आकार उमटू शकतो, हे मुलांना तेवढ्यावरून पटते.

एका बिशपांची कसोटी

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा का, हे विचारता प्राध्यापकांनी जे नाव घेतले, ते ऐकून आम्ही चकित झालो. ते नाव होते धन्यवादित नील्स स्टेन्सन ह्यांचे. लॅटिन ग्रंथांत त्यांना स्टेनो म्हणतात.

स्टेनो १६३८ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे लुथरपंथी घराण्यात जन्मले. ते शरीरशास्त्राचे मोठे पंडित होते. गालातील लाळेच्या एका नलिकेला आजही वैद्यकाचे विद्यार्थी त्यांच्याच नावाने ओळखतात. १६६६ साली ते इटलीत फ्लॉरेन्सच्या दरबारी असताना लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क मासा पकडला. त्याचे डोके ग्रँड ड्यूकने तपासणीसाठी स्टेनोंकडे पाठविले. त्या माशाचे दात पाहताच स्टेनोंना एका वेगळ्याच वस्तूची आठवण झाली.

त्या काळी माल्टा बेटावर आणि अन्यत्र खडकांत त्रिकोणी, चकचकीत दगड सापडत. लोक त्यांना जिव्हापाषाण म्हणत. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात संत पौलाच्या हाताला माल्टा बेटावर साप डसल्याची आणि त्याला काहीही इजा न झाल्याची हकीकत आहे, ती आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यावरून लोकांत समज पसरला होता, की संताने त्या बेटावरील सापांचे विष हरण केले आणि त्यांच्या जिभांचे हे दगड झाले. विषावर उतारा म्हणून ते गळ्यात बांधीत. हे दगड शार्कचे दात असावेत असे इटलीतीलच फाबिओ कोलोन्ना ह्यांनी १६१६ साली म्हटले होते. पण लोकांचा समज सुटला नव्हता.

स्टेनोंनी केवळ “सारखे दिसतात” एवढ्यावर भागविले नाही. त्यांनी विचारले: दगडाच्या पोटात दुसरी घन वस्तू असेल, तर त्या दोहोंपैकी आधी घट्ट कोण झाले? दात आधीच कठीण असेल आणि त्याभोवती मऊ गाळ साचून नंतर दगड झाला असेल, तर दगडावर दाताचा ठसा उमटेल. दाताचा आकार बिघडणार नाही. उलट, खडक आधीच घट्ट असेल आणि त्याच्या फटीत नंतर काही वाढले असेल, तर त्या वस्तूला फटीचा आकार घ्यावा लागेल. जिव्हापाषाण पहिल्या प्रकारचे ठरले. आमचे पान दुसऱ्या. १६६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा ग्रंथात त्यांनी हा विचार मांडला, आणि खडकांचे थर वाचण्याच्या शास्त्राचा तो एक पाया ठरला.

स्टेनो १६६७ साली कॅथलिक झाले, १६७५ साली धर्मगुरू, १६७७ साली बिशप. अखेरची वर्षे त्यांनी उत्तर जर्मनीतील विखुरलेल्या कॅथलिकांची सेवा करण्यात आणि कमालीच्या दारिद्र्यात घालविली. १६८६ साली ते निवर्तले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८८ साली त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. त्यांच्या श्रद्धेला शार्कच्या दाताने काही बाधा आली नाही. संत पौलाचा चमत्कार पवित्र शास्त्रात होता तेथेच राहिला. गेला तो फक्त त्याला लोकांनी जोडलेला पाठीमागचा दगड.

पंडितांचीही चूक होते

आम्ही फार खजील झालो होतो. ते ओळखून प्राध्यापकांनी दुसरी एक हकीकत सांगितली, आणि ती फार जुनीही नाही.

मध्य प्रदेशात भोपाळजवळ भीमबेटका येथे प्राचीन चित्रांच्या गुहा आहेत. आपले डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर ह्यांनी १९५७ साली आगगाडीतून जाताना ते खडक पाहिले, आणि पुढे त्या गुहा जगापुढे आल्या. २०२० च्या मार्चमध्ये भूशास्त्रज्ञांची एक मंडळी तेथे गेली असता, एका मोठ्या गुहेत सुमारे अकरा फूट उंचीवर त्यांना पानासारखी, मधून दोहों बाजूंस रेघा गेलेली एक आकृती दिसली. ती डिकिन्सोनिया नावाच्या, सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रजीवाची आहे, असे त्यांनी विद्वानांच्या नियतकालिकात लिहिले. हा जीव ऑस्ट्रेलियातील खडकांमुळे प्रसिद्ध झालेला. तो भारतात सापडला म्हणून २०२१ च्या प्रारंभी जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी छापली. त्यावरून त्या खडकांचे वय कोट्यवधी वर्षांनी अलीकडे ओढण्याचीही चर्चा सुरू झाली.

दोन वर्षांनी दुसरे शास्त्रज्ञ तेथे गेले. पाहतात तो त्या आकृतीचा काही भाग दगडावरून सुटून गळू लागला होता! कोट्यवधी वर्षे टिकलेला जीवाश्म दोन वर्षांत गळेल कसा? आसपासच्या खडकांवर आग्या मोहोळे लटकत होती, आणि त्यांच्या जुन्या खुणाही होत्या. ती आकृती म्हणजे मोडून पडलेल्या पोळ्याचा अवशेष होता. २०२३ साली हे प्रसिद्ध झाले. मध काढणाऱ्या एखाद्या खेडुताला त्या उंचीवर चढविले असते, तर त्याने ते कदाचित पहिल्याच दिवशी सांगितले असते.

परंतु ह्या हकीकतीतील आम्हांला लागलेला भाग निराळाच आहे. ज्या प्राध्यापकाने पहिला शोध जाहीर केला होता, ते ग्रेगरी रेटलॅक ह्यांनी नवा पुरावा पाहून आपली चूक मोकळेपणाने मान्य केली. जगभर नाव झालेल्या माणसाने जगासमोर असे म्हणावे, आणि एका खेड्यातल्या धर्मगुरूने शे-दोनशे माणसांपुढे तोंड लपवावे काय?

ह्याच्या उलटही घडते, हे सांगितले पाहिजे. त्याच मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातील बाग परिसरात पाडल्या नावाचे गाव आहे. तेथील काही शेतकरी कुटुंबे शेतात सापडलेले गोल दगड शेताचा व गुराढोरांचा राखणदार देव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजीत आली. ते दगड म्हणजे डायनोसॉरची अंडी आहेत असे तज्ज्ञांनी ओळखल्याचे २०२३ च्या डिसेंबरात वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. त्याच जिल्ह्यातील ९२ घरट्यांचे व २५६ अंड्यांचे वर्णन संशोधकांनी त्याच वर्षीच्या प्रारंभी केले होते. आणि आमच्या शेजारच्या बागलकोट भागात, कलादगीच्या चुनखडकांत, कापलेल्या कोबीच्या गड्ड्यासारखी थरांची वळणे दिसतात. कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही; पण डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांनी प्राचीन समुद्रात थरावर थर रचून ती घडविली आहेत. हुबेहूब पान दिसते, तेथे जीव कधी नव्हता. आणि जेथे नुसता दगड दिसतो, तेथे जीवाची खूण आहे. सारखे दिसणे म्हणजे साक्ष नव्हे.

आमचा कुमसार

शनिवारी आम्ही मुलाच्या घरी गेलो. मंडळींना सांगण्यापूर्वी बापाला सांगणे आवश्यक होते. नुकसान त्याचे होणार होते. आम्ही सर्व समजावून सांगितले. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

“म्हणजे चिठ्ठी नाही मिळायची.”

“मिळेल. पण तिच्यात हे पान नव्हे, पाण्याने काढलेली नक्षी आहे, असे लिहावे लागेल.”

“मग तो घेतोय कशाला?” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “तुम्ही आधीच बोलला नसता तर बरं झालं असतं, फादर.”

ह्या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. तो गिऱ्हाईक अर्थातच परत आला नाही. त्या पावसात त्यांच्या घरात दोन ठिकाणी भांडी मांडावी लागली. धर्मग्रामाच्या साहाय्य निधीतून पुढे पत्रे आले. पण ते पावसाळा सरल्यावर. विचार न करता उच्चारलेल्या शब्दाची किंमत बोलणाराला क्वचितच द्यावी लागते. ती ऐकणारा देतो.

रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्याच मेजाशी उभे राहिलो आणि म्हणालो, की गेल्या रविवारी आम्ही तुम्हांला जे सांगितले ते चुकीचे होते. आम्ही न तपासता बोललो. मग दगड, भिंग आणि पेरॉक्साईडची बाटली ठेवून, ज्याला पाहावयाचे त्याने स्वतः पाहावे असे सांगितले. क्षणभर शांतता पसरली. मग ती झावळ्यांची आठवण काढणारी वृद्ध बाई पुढे आली आणि म्हणाली, “एवढी वर्षं तुम्ही आमचा कुमसार ऐकलात. आज आम्ही तुमचा ऐकला.” सगळे हसले, आम्हीही हसलो, आणि मग मुलांनी बुडबुडे पाहण्यासाठी मेजाभोवती अशी गर्दी केली, की गेल्या रविवारी तशी झाली नव्हती.

संत अगस्तीन ह्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना फार पूर्वी बजावून ठेवले आहे, की निसर्गाच्या ज्या गोष्टी अन्य लोकांना अनुभवाने ठाऊक असतात, त्यांविषयी ख्रिस्ती माणसाने अज्ञानाने बोलू नये. कारण तेथे तो चुकला, म्हणजे ऐकणारे त्याने सांगितलेल्या स्वर्गराज्याच्या गोष्टीवरही विश्वास ठेवीत नाहीत. सेमिनरीत आम्ही हे वाचले होते. कळले ते ओसरीच्या फरशीवर.

सापडले तर काय करावे

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. आपल्या भागात असा दगड सापडला तर प्रथम तो होता तेथेच राहू द्यावा आणि जागा नीट लक्षात ठेवावी. कोणत्या थरात, किती खोल, कोणत्या दगडात, ह्यावरच निम्मे उत्तर अवलंबून असते. शेजारी एखादे नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. फोडू नये, घासू नये, तेल लावू नये. पेरॉक्साईडचा प्रयोग आम्ही तज्ज्ञाच्या सांगण्यावरून केला. आपण होऊन कोणतेही रसायन टाकू नये, खरा जीवाश्म त्याने खराब होऊ शकतो.

आपला नेहमीचा काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा आहे, हेही ध्यानात असावे. धगधगत्या लाव्ह्यात जीव टिकत नाही. म्हणून त्या दगडातले कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल गोटे अंडी नसतात, ते ऊन-पावसाने झिजून तसे होतात. गारगोटीत दिसणारे हिरवे शेवाळ हेही शेवाळ नसते. ती खनिजांचीच तंतुमय नक्षी असते. मात्र लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कोठे कोठे जुन्या तळ्यांचा गाळ अडकलेला असतो, आणि त्यात शिंपले, लाकूड, बिया खरोखरच सापडतात. म्हणून हसून टाकून देण्यापूर्वी विचारावे. जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राचे शिक्षक किंवा १८५१ पासून काम करीत आलेली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही सरकारी संस्था, ह्यांना कळवावे. आणि त्यांचे उत्तर येईपर्यंत कोणालाही किंमत सांगू नये, कोणाकडून किंमत घेऊ नये. धर्मगुरूंची चिठ्ठी तर मुळीच मागू नये!

मुलाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्या रविवारी सगळे गेल्यावर तो मागे राहिला होता.

“फादर, म्हणजे झाड नव्हतंच कधी?”

“नव्हते.”

“नुसतं पाणी झिरपून असं झालं?”

“होय.”

त्याने पुन्हा भिंग घेतले आणि बराच वेळ पाहत राहिला. “मग हे पण ठेवण्यासारखं हाय की,” तो म्हणाला.

लादीचा एक अर्धा भाग तो घरी घेऊन गेला. दुसरा आमच्या मेजावर, नोंदवह्यांच्या शेजारी आहे. त्याखाली त्याने आपल्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटविली आहे: “डेंड्राईट. पान नव्हे. तपासून पाहिले.” खाली तारीख आहे, आणि साक्षीदार म्हणून आमची सही.